बसरा मोती बसऱ्याचे असतात का?

सोनचाफा

भाचीचं लग्न ठरलंय म्हणून गेल्या महिन्यात आईने लॉकरमधून आजीची नथ काढली. सात मोती, मधे एक लाल खडा, तार थोडी काळी पडलीय. हातात देताना आई नेहमीचं वाक्य बोलली, "जपून धर, बसरा मोती आहेत, आता मिळत नाहीत." हे मी लहानपणापासून ऐकतेय आणि कधीच काही विचारलं नाही. पण भाची लगेच म्हणाली, मावशी बसरा म्हणजे इराकमधलं ना, ते तर नदीकाठचं गाव आहे, तिथे मोती कुठून आले? आम्ही चौघी बायका नथीकडे बघत राहिलो, कुणालाच उत्तर येईना.

रात्री नकाशा उघडून बसले. खरंच की, बसरा शत्त-अल-अरब नदीवर, समुद्र तिथून बराच खाली. मग हे मोती नक्की कुठले, कोण काढायचं, आणि आमच्या सातारच्या आजीच्या नाकापर्यंत ते आले कसे? आखात म्हटलं की आपल्याला तेल, सोनं, नोकरी आणि लढाई एवढंच आठवतं. पण तेल सापडायच्या आधीही तिथे माणसं राहत होतीच ना, ती काय करत होती, कुणाशी व्यवहार करत होती? इथे जहाजावरचे, आखातातले, इतिहासातले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. शिवाय नथीतले मोती खरे बसरा आहेत का हे कसं तपासायचं तेही सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या वरूड-मोर्शीची संत्री जगभर नागपुरी म्हणून इकते. तसंच असन हे. पिकवणारा एक, नाव बाजाराचं.

दर्यावर्दी

ठेचाभाऊंनी एका ओळीत काम केलं, आता मी लांबण लावतो. ३१ वर्षं जहाजावर काढली, त्यातली निम्मी आखाताच्या फेऱ्यांत.

मोती मिळायचे ते बहारीन, कतार, आजचं अबूधाबी-दुबई आणि कुवेत यांच्यासमोरच्या उथळ समुद्रात. शिंपल्यांचे मोठे थर आहेत तिथे. बसरा ही पेठ आणि बंदर, माल तिथून पुढे जायचा, म्हणून आपल्याकडे नाव बसरा पडलं. पण खरं मोठं गिऱ्हाईक मुंबई होतं. आखातातला बहुतेक मोती मुंबईला यायचा, इथे त्याची प्रतवारी व्हायची, भोकं पाडली जायची, आणि मग तो पॅरिस-लंडनला किंवा आपल्याकडच्या संस्थानिकांकडे आणि सराफांकडे जायचा.

काम कसं चालायचं ते ऐका. जून ते सप्टेंबर असा मुख्य हंगाम, भर उन्हाळ्यात, कारण तेव्हाच पाणी खाली ऊबदार असतं. बुडी मारणारा तो 'घैस', आणि वर दोर धरून बसलेला तो 'सैब'. घैसाच्या नाकाला शिंगाचा किंवा कासवाच्या पाठीचा चिमटा, त्याला 'फिताम' म्हणतात. पायाला दगड, गळ्यात जाळीची पिशवी. दगडाच्या ओझ्याने सरळ तळाला जायचं, मिनिट-दीड मिनिट शिंपले ओरबाडायचे, दोराला हिसका द्यायचा की सैब वर ओढणार. दिवसभर हेच, पन्नास-पन्नास वेळा सुद्धा. घैसाचा जीव सैबाच्या हातात, त्यामुळे जोडी ठरलेली असायची. गलबतावर एक गाणारा पण नेमलेला असायचा, 'नह्हाम', काम त्याच्या आवाजावर चालायचं. बहारीनला एकदा एका म्हाताऱ्या माणसाकडून ती गाणी ऐकली. शब्द कळले नाहीत, पण खालचा घुमारा छातीत बसतो अगदी.

आणि गलबताचा मुख्य तो 'नाखुदा'.

पेठेतला

नाखुदा म्हणजे आपला नाखवा?

नाखवीण

व्हय तर! आमच्याच घरातला शब्द हाय तो. माझे सासरे नाखवा, नवरा नाखवा. लहानपणी वाटायचं हा शब्द फक्त कोळीवाड्यातलाच, मग एका पाहुण्या प्राध्यापकांनी सांगितलं की फारसीत नाव-खुदा म्हणजे नावेचा धनी. मग त्यांनी आमच्या होडीवर बसून एकेक विचारायला सुरुवात केली. बंदर फारसी. लंगर फारसी. दर्या फारसी. सुकाणू अरबी सुक्कानवरनं. खलाशी अरबीतनं. मोसम पण अरबी, आणि तोच इंग्रजांचा मॉन्सून. मी म्हणलं अहो आमची होडी तरी आमची हाय का! तर हसले आणि म्हणाले होडी तुमचीच, पण शेजार फार जुना हाय.

पेठेतला

नाखवीणताई, मस्त. 'सुकाणू समिती' हा शब्द आता सरकारी परिपत्रकात वाचताना समोर अरबी खलाशी दिसणार.

इतिहासवेडा

धागा आवडीचा निघाला, त्यामुळे थोडं लांबेल.

सोनचाफा, तेलाआधी काय करत होते हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. दहाव्या शतकात मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी आपल्या चौलला आला होता. अरब लोक चौलला सैमूर म्हणत. त्याने लिहून ठेवलंय की हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्ती होती. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथले लोक, आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलंबाळं. राज्य कुणाचं, तर राष्ट्रकूटांचं. अरब त्यांना 'बल्हरा' म्हणत, म्हणजे वल्लभराज, आणि अरबांशी इतकं चांगलं वागणारा दुसरा राजा नाही असं कौतुक करत.

आता याची आपल्या बाजूची साक्ष. डहाणूजवळ चिंचणीला ताम्रपट सापडलेत. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६. त्यात राष्ट्रकूटांनी संजाण प्रांतावर नेमलेला कारभारी कोण, तर 'मधुमति' नावाचा ताजिक. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमति हे मुहम्मदचं संस्कृत रूप. या माणसाने खाडीवर फुकट तर चालू केली, भात-तूप मिळेल असं अन्नछत्र घातलं, आणि देवीच्या मठासाठी दान द्यायला मान्यता दिली. एका अरब कारभाऱ्याचं हे काम संस्कृतात तांब्यावर कोरलेलं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अर्धा तास काही दुसरं करू शकलो नाही.

आणि हे फक्त आपल्यापुरतं नव्हतं. इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये एक बुडालेलं जहाज सापडलं, नवव्या शतकातलं. बांधणी अरबी पद्धतीची, खिळे न मारता फळ्या दोरीने शिवलेल्या, आणि पोटात साठ हजाराच्या आसपास चिनी भांडी. म्हणजे मालाची जुळणी चीनमध्ये, गिऱ्हाईक आखातात, मधे आपला किनारा आणि श्रीलंका.

अजून एकच सांगतो. ओमानच्या सुलतानाचं 'सुलताना' नावाचं जहाज १८४० मध्ये न्यूयॉर्कला पोचलं. खजूर, कॉफी, गालिचे आणि अमेरिकेच्या अध्यक्षांसाठी दोन अरबी घोडे घेऊन. सुलतानाचा दूतही त्यावर होता. ते जहाज बांधलं कुठे होतं? मुंबईत, १८३३ मध्ये.

दर्यावर्दी

इतिहासवेडा, दंडवत. सुलतानाबद्दल माहीत होतं पण मुंबईत बांधलेलं हे नव्हतं माहीत.

कारभारी

सगळं वाचतोय, माहिती चांगली आहे. पण मला थोडं खटकतंय म्हणून लिहितो, कुणी राग मानू नका.

आपण हे सगळं फार गोड करून सांगतोय. गाणी, गालिचे, अन्नछत्र. तो घैस जो पाण्यात जायचा तो नाखुद्याचा कर्जबाजारी असायचा. हंगामाआधी घरखर्चाला उचल घ्यायची, हंगामानंतर हिशोब नाखुदाच लिहिणार, घैसाला वाचता येत नाही, म्हणून कर्ज कधी फिटायचंच नाही. बाप मेला तर ते मुलाच्या डोक्यावर. बरेच घैस तर आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. ओमानचा सुलतान सय्यद सईद झांझिबारला जाऊन राहिला, तिथे लवंगेच्या बागा उभ्या राहिल्या, त्या कुणाच्या कष्टावर? गुलामांच्याच. सुलताना जहाज ज्या श्रीमंतीवर न्यूयॉर्कला गेलं त्यात हा पण पैसा होता. आजीच्या नथीतल्या मोत्याला कुणाचा तरी श्वास लागलाय हे पण धाग्यात यायला हवं.

इतिहासवेडा

कारभारी, मान्य. लिहायला हवं होतं, राहून गेलं. झांझिबारच्या बाबतीत तर तुम्ही म्हणता ते शब्दशः खरं आहे, आणि तिथे भांडवल लावणाऱ्यांत कच्छचे व्यापारी पण होते, म्हणजे आपली बाजू पण त्यात हात धुवून मोकळी नाही.

दर्यावर्दी

कारभारी बरोबर बोलतायत. हिशोबाचं तर १९२० च्या दशकात बहारीनमध्ये नियम करावे लागले, प्रत्येक घैसाला वही, उचलीला मर्यादा. आणि नाखुदे त्यावर खूश नव्हते. गंमत अशी की स्वतः घैसांनीही विरोध केला, कारण उचल कमी झाली की उन्हाळ्यापर्यंत घर चालवायचं कसं? १९३२ ला तर बहारीनमध्ये घैसांचा मोठा उठाव झाला.

तोवर धंदाच बसत चालला होता. जपानमध्ये मिकिमोतोने शिंपल्यात मणी घालून मोती पिकवायचं तंत्र बसवलं, १९२० नंतर तो माल युरोपात आला, मग १९२९ ची मंदी. त्याआधी मोत्याची किंमत काय होती, तर १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरची एक अख्खी हवेली कार्तिये या दागिन्यांच्या कंपनीने दोन पदरी मोत्यांची माळ आणि वर १०० डॉलर देऊन घेतली होती. पंधरा वर्षांत तो भाव मातीला मिळाला. बहारीनच्या मुहर्रकपासून कुवेतपर्यंत गावंच्या गावं उपाशी पडली. बहारीनला तेल लागलं १९३२ ला, पण कुवेत-दुबईच्या लोकांना तेलाचा पैसा दिसायला अजून बरीच वर्षं लागली. मधला काळ फार हालाचा गेला. हे त्यांच्या म्हाताऱ्यांना विचारलं की डोळ्यात पाणी येतं.

बहारीनमध्ये आजही कल्चर्ड मोत्यांच्या व्यापाराला बंदी आहे. मुहर्रकमधली मोतीवाल्यांची जुनी घरं २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. एकदा जाऊन या कुणी जमलं तर.

मस्कतकर

बावीस वर्षं इथे आहे. पहिल्या आठवड्यात दुकानात गेलो, दुकानदाराने किंमत सांगितली "पाचशे बैसा". मी म्हटलं काय? बैसा म्हणजे पैसा हो, आपलाच! ओमानी रियालचे हजार बैसे होतात. टॅक्सीत बसलो तर ड्रायव्हर विचारतो "सीदा?" मी आपलं हो म्हटलं आणि मग डोक्यात उजेड पडला. सरळ जायला इथले लोक सीदा म्हणतात. लाखाला लक, बटाट्याला आलू, लोणच्याला आचार.

माझ्या घरमालकाचे वडील ८६ वर्षांचे, गेल्या वर्षी गेले. तरुणपणी मुंबईला लाकूड आणि मसाले आणायला जायचे. मला पहिल्यांदा भेटले तेव्हा मी मुंबईचा आहे कळल्यावर हात धरून ठेवला आणि विचारलं, "मस्जिद बंदरला अजून तितकीच गर्दी असते का?" हिंदी बोलायचे, म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या लोकांपेक्षा बरी. त्यांच्या जुन्या घराचं छत आफ्रिकेच्या खारफुटीच्या वाशांचं. ते सांगायचे की खोली किती रुंद बांधायची हे वाशाच्या लांबीवर ठरायचं, म्हणून जुन्या घरांच्या खोल्या सगळ्या अरुंद आणि लांबोड्या. दारं आपल्याकडच्या सागाची. म्हणजे छत आफ्रिकेतल्या लामूचं, दार मलबारचं, आणि राहणारा ओमानी.

जुनी_नाणी

रुपयाचा विषय निघाला म्हणून धावत आलो.

आखातात आपलाच रुपया चालायचा हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान, सगळीकडे. टपाल तिकिटं सुद्धा आपलीच, वर 'कुवेत' किंवा 'बहारीन' छापलेलं. मग झालं काय की सोन्याचे तस्कर रुपयाच्या नोटा तिकडे न्यायचे, सोनं आणायचे, आणि त्या नोटा परत येऊन रिझर्व्ह बँकेकडून पौंड मागायच्या. परकीय चलन गळायला लागलं. म्हणून १९५९ ला रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, क्रमांकाआधी झेड हे अक्षर. भारतात त्या चालत नसत. कुवेतने १९६१ ला स्वतःचा दिनार काढला, बहारीनने १९६५ ला. आणि ६ जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून साडेसातवर. ज्याच्या गल्ल्यात आखाती रुपये होते त्याचं एका रात्रीत नुकसान. कतार आणि दुबईने लगेच नाद सोडला. ओमान तेवढा १९७० पर्यंत टिकला.

माझ्याकडे दहाची एक आखाती नोट आहे, लाल. विकणार नाही, आधीच सांगतो :)

मस्कतकर

बहारीनमध्ये शंभर फिल्सला, म्हणजे दिनाराच्या दहाव्या भागाला, अजून म्हातारी माणसं रुबिय्या म्हणतात.

इराणी_चहा

माफ करा, पण पंधराएक प्रतिसाद होत आले आणि इराण कुठे आहे? सगळे अरब-अरब करताय. अहो त्या आखाताच्या अख्ख्या उत्तर किनाऱ्यावर इराण आहे. आणि इराणी माणसाला अरब म्हणू नका, तो मनातून दुखावतो. भाषा वेगळी, घराणं वेगळं. फारसी आपल्या मराठीच्या जवळची, एकाच कुळातली. अरबी पार दुसऱ्या कुळातली, लिपी तेवढी सारखी. आखाताला नाव काय द्यायचं यावरून पण दोन्ही किनारे भांडतात, त्यामुळे इथे जपूनच लिहा.

नाखवीणताईंनी दिलेल्या यादीतले निम्मे शब्द फारसी आहेत. आणि दर्यावरच कशाला, पेशवा हा शब्द फारसी, फडणीस-चिटणीस यातला नीस म्हणजे नवीस, लिहिणारा, फारसी. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो यासाठीच की दरबारात फारसी शब्द फार झाले होते. तरी दरवाजा, हजार, शहर, बाजू, खर्च राहिलेच.

मी डोंगरीत वाढलो. शाळेच्या रस्त्यावर इराणी मशीद, लोक तिला मुघल मशीद म्हणतात, १८६० मध्ये शिराझच्या एका व्यापाऱ्याने बांधलेली. पुढच्या भिंतीवर निळ्या फरशा, आत पाण्याचा हौद, त्याच्यात मासे. बाहेर इतका गोंगाट आणि आत एकदम गार. मला वाटायचं इराण असाच असणार. पुढे खरंच यज्द आणि शिराझला गेलो तेव्हा ती निळाई बघून घरी आल्यासारखं झालं.

कॅफेवाले इराणी बरेचसे यज्द आणि कर्मानकडचे झरथुश्ती. तिकडे हलाखी होती, झरथुश्तींवर जिझिया होता. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना तिकडे पाठवलं, त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, शाळा काढल्या, आणि १८८२ मध्ये शाहने तो जिझिया उठवला. मुंबईच्या पैशाने आणि चिकाटीने इराणमधला कायदा बदलला, हे किती जणांना माहीत आहे? आणि फारसीतला पहिला बोलपट १९३३ मध्ये कुठे तयार झाला, तर मुंबईत, अर्देशीर इराणींच्या कंपनीत. अर्देशीरशेठ जन्माने पुण्याचे. तेहरानच्या लोकांनी आपल्या भाषेतला पहिला बोलपट बघितला तो मुंबईहून आलेला.

उलट बाजूनेही आहे. बंदर अब्बासला गावाच्या मधोमध एक हिंदू मंदिर आहे, १८९२ चं, तिथे व्यापार करणाऱ्या हिंदूंसाठी बांधलेलं. मी आत जाऊन आलोय. मूर्ती नाहीत आता, पण इराणी सरकारने वास्तू जपून ठेवलीय.

पेठेतला

इराण्याचा चहा तरी इराणचा का?

इराणी_चहा

अजिबात नाही :) तिकडे दूध घालत नाहीत. काळा चहा, साखरेचा खडा दातात धरायचा आणि घोट घ्यायचा. दूध, मस्का, ब्रून ही सगळी मुंबईची कमाई.

मृणाल_कोथरूड

पुण्यात इराणी विद्यार्थी किती असायचे एके काळी! आमच्या वर्गात तिघी होत्या, त्यातली एक इस्फहानची, आमच्या वाड्यातच भाड्याने राहायची. तिच्याकडून 'तआरुफ' शिकले. म्हणजे काय, तर तिकडे दुकानदार पैसे घेताना आधी म्हणणार "काबिल नदारे", अहो कसले पैसे, राहू द्या. तुम्ही म्हणायचं नाही नाही घ्या. तो परत राहू द्या. असं दोन-तीनदा झालं की मग घेणार. पाहुण्याने पण लगेच हो म्हणायचं नाही. माझी आजी तिला लाडू द्यायची, ती नको म्हणायची, आजी आग्रह करायची, ती परत नको, आजी परत आग्रह, आणि शेवटी दोघी खूश. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती पण हे बरोब्बर जमायचं. आजी म्हणायची ही पोर आपल्यातलीच आहे, एका लाडवाला तीनदा नको म्हणते.

नवरोजला तिने आमच्या ओटीवर सात वस्तू मांडल्या होत्या, त्यात लसूण पण होता. आजीने विचारलं देवापुढे लसूण कसा गं? मग तिने खुणांनी समजावलं की हा देव नाही, हे नवं वर्ष आहे. आजीने एक केळं वाढवलं. गेल्या काही वर्षांत तिच्याशी संपर्क कधी होतो कधी नाही, तिकडचं इंटरनेट बंद पडलं की आठवडेच्या आठवडे काही कळत नाही. लिहिताना आठवण आली फार.

कुवेतचा_मुलगा

मी सहसा फक्त वाचतो. पण बसरा हा शब्द शीर्षकात बघून लिहावंसं वाटलं.

१९९० ला मी नऊ वर्षांचा होतो, कुवेतमध्ये. बाबा एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. २ ऑगस्टला पहाटे आवाज यायला लागले, बाबा म्हणाले फटाके. मग दोन-तीन आठवडे घरात. खालच्या मजल्यावर कुवेती म्हातारी राहायची, उम्म कुणीतरी, आम्ही तिला आजीच म्हणायचो. ती रोज संध्याकाळी खुबूस आणि खजूर आणून द्यायची, स्वतःकडे किती उरलंय ते न बघता. निघायच्या दिवशी तिने आईच्या हातात तिच्या घराची किल्ली दिली, परत आलात आणि मी नसले तर उघडा म्हणून. आई ती किल्ली घेऊन भारतात आली.

आम्ही बसने निघालो. पहिलं मोठं गाव बसरा. तिथे थांबलो तेव्हा एका इराकी माणसाने बादलीभर पाणी आणि पेला आणून ठेवला, काही न बोलता. त्याच्याच देशाच्या सैन्याने आमचं घर सोडायला लावलं होतं, आणि हा पाणी देतोय. मला ते कळायचं वय नव्हतं, पण आई रडली होती ते आठवतं. पुढे बगदाद, मग जॉर्डनच्या सीमेवर तंबूत काही दिवस, वाळू आणि रांगा, आणि अम्मानहून विमानाने मुंबई. तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना असं आणलं, ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या. त्यातल्या एका फेरीत आम्ही चौघं.

१९९२ ला बाबा परत गेले. म्हातारी तिथेच होती. किल्ली परत दिली.

नाखवीण

वाचून काटा आला अंगावर.

कारभारी

कुवेतचा_मुलगा, तुमच्या लिहिण्यानंतर काही बोलावंसं वाटत नाही, तरी एक राहिलंय म्हणून लिहितो. मघाशी मी घैसांच्या कर्जाचं लिहिलं ते उगाच नव्हतं. माझा चुलतभाऊ २०११ ला आखातात बांधकामावर गेला, कुठल्या देशात ते लिहीत नाही. एजंटला दीड लाख दिले ते व्याजाने काढून. तिकडे गेल्यावर मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, पगार सांगितला त्याच्या निम्मा, आणि मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नाही, कफाला म्हणतात त्या पद्धतीला. कर्ज फेडेपर्यंत परत येता येईना. चार वर्षं. आता काही देशांनी नियम बदललेत, काही ठिकाणी नोकरी बदलता येते. पण आज तिकडे ९० लाखांच्या आसपास आपले लोक आहेत, सगळे काही मस्कतकरांसारखे टेबलावर बसून काम करत नाहीत.

मस्कतकर

खरं आहे. माझ्या ऑफिसच्या बाहेर दुपारी भर उन्हात काम करणारे लोक रोज दिसतात. जून ते ऑगस्ट दुपारी बाहेरच्या कामाला इथे बंदी आहे आणि ती बऱ्यापैकी पाळली जाते, पण साडेतीनला परत सुरू होतं तेव्हाही पारा चाळिशीच्या वर असतो. आम्ही काही जण मिळून कामगार वस्तीत महिन्यातून एकदा कागदपत्रं भरायला मदत करतो. तुमच्या भावाला तेव्हा असं कुणी भेटलं असतं तर बरं झालं असतं.

मावळा_माणगाव

आमच्या घरात बसरा म्हणजे मोती नव्हे. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, जहाजाने बसऱ्याला उतरले आणि पुढे कुत-अल-अमाराला वेढ्यात सापडले. १०३, ११० आणि ११७ मराठा, तिन्ही पलटणी त्या वेढ्यात होत्या. १४७ दिवस. शेवटी शेवटी घोडे मारून खायची वेळ आली, आपली बरीच माणसं खात नव्हती, ती अशक्त होऊन गेली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. मग कैदी म्हणून उन्हातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला. पणजोबा परत आले, बरोबरचे दोघे गाववाले नाही आले. परतताना त्यांनी काय आणलं, तर खजुराच्या बिया. त्यातलं एक झाड परसात वाढलं, फळ कधी धरलं नाही, आमच्या पावसात कसं धरणार. २००५ च्या पुरात पडलं.

सराफकट्टा

सोनचाफाताई, मूळ प्रश्नाकडे येतो, तीन पिढ्या हाच धंदा आहे.

दाताला घासून खरखरीत लागला की खरा मोती, ही खूण फक्त काचेच्या-प्लॅस्टिकच्या नकली मोत्यासाठी. पिकवलेला मोती पण दाताला खरखरीतच लागतो, त्याचा वरचा थर खराच असतो. बसरा म्हणजे नैसर्गिक की नाही ते एक्स-रे काढूनच कळतं. नैसर्गिक मोत्यात कांद्यासारखे आतपर्यंत थर दिसतात, पिकवलेल्यात मधे गोल मणी दिसतो. मुंबईत रत्न तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथे द्या.

दुसरं, भोक बघा. जुन्या बसरा मोत्यांचं भोक फार बारीक असतं, दोन्ही बाजूंनी पाडून मधे जुळवलेलं, कामठ्यावर फिरणाऱ्या हातगिरमिटाने. मोती वजनावर विकायचा, म्हणून भोकात एक कण सुद्धा वाया घालवायचा नाही. आणि वजनाचा हिशोब आमच्याकडे 'चव' मध्ये होतो, तो वजनाच्या वर्गावर बसतो, म्हणजे मोती दुप्पट जड झाला की चव चौपट. आजोबा सांगायचे की पेढीवर येणारे अरब व्यापारी पण चवच म्हणायचे, त्यांच्याकडे चवीची छापील कोष्टकं असायची. सौदा बोलून करायचे नाहीत, दोघांनी रुमालाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा, बाकी बसलेल्यांना काही कळत नसे.

आणि एक विनंती, नथ अल्ट्रासोनिक मशीनमध्ये घालून धुवायला देऊ नका कुणी कितीही सांगितलं तरी. ओल्या मऊ फडक्याने पुसा, अत्तर लागू देऊ नका.

सोनचाफा

सगळ्यांचे प्रतिसाद आईला आणि भाचीला वाचून दाखवले, रोज संध्याकाळी थोडे थोडे. कुवेतचा_मुलगा यांचं वाचताना मधे थांबावं लागलं.

तर आता निकाल. सराफकट्टा यांनी सांगितल्याप्रमाणे नथ तपासायला दिली होती, काल रिपोर्ट मिळाला. सातांपैकी पाच मोती नैसर्गिक. दोन पिकवलेले, आत गोल मणी स्पष्ट दिसतोय. त्या दोघांची भोकं पण मोठी आणि सरळ आहेत, भिंगातून बघितल्यावर मलाही फरक कळला.

आईला वाटलं आपल्याला कुणीतरी फसवलं. मग मोठ्या मामाला फोन केला, तो ८४ चा आहे. तो म्हणाला, अगं, १९५४ च्या सुमारास आईची नथ तुटून दोन मोती हरवले होते, मोरीत गेले बहुतेक. वडील पुण्याला रविवार पेठेत जाऊन दोन मोती घेऊन आले, सराफ म्हणाला होता की तसले आता येत नाहीत, हे जपानी घ्या, दिसायला तसेच आहेत. आजीला हे माहीत होतं, तिने कुणाला सांगितलं नाही एवढंच.

भाचीला विचारलं, दोन बदलून जुने शोधूया का? ती नको म्हणाली. सात आहेत तसेच राहू देत. आता तार तेवढी बदलायला देतेय.

जुनी_नाणी

फोटो टाका ना ताई. त्या पाचांचा आणि त्या दोघांचाही.